कापितानचे गुडघे

दायाप गावात नवस बोलायचा तर आपल्या अंगाचं काहीतरी द्यायचं, अशी रीत. कुणी लांबसडक केस कापून देतं, कुणी वर्षभर डुकराचं मटण तोंडाला लावत नाही, आणि बायका तर चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालत जातात. नानाय देन्सिंगने मात्र नवसात जे देऊ केलं ते तिचं नव्हतंच. तिने आपल्या रेड्याचे गुडघे देऊन टाकले, आणि तेही रेड्याला न विचारता.

पण एकदम रेड्यापासून सुरुवात केली तर देन्सिंगवर अन्याय होईल. आधी तिची ओळख व्हायला हवी.

नानाय म्हणजे आई. देन्सिंगला पोटचं मूल नव्हतं, पण ज्याच्या-त्याच्या पोराला आपल्या ताटातला भात भरवून तिने ते नाव कमावलं होतं. अंगाने वाळक्या शेंगेसारखी. मान मात्र इतकी ताठ, की डोक्यावर हंडा नसतानाही तो आहे असं वाटावं. तिचा नवरा आम्ब्रोसियो न्हावी होता. हात लोण्यासारखे मऊ आणि चिखलाची अशी धास्ती, की पावसाळ्यात खाटेवरून उतरताना माणूस आधी जमीन चाचपून बघायचा. म्हणून नांगर देन्सिंगने धरला. तो भात शिजवायचा, ती भात पिकवायची, आणि दोघंही एकमेकांवर खूश.

सुरुवातीला बांधावरून जाणारे पुरुष थांबून हसायचे. त्यात तातांग बुर्सियो सगळ्यांच्या पुढे. हा शेजारी. त्याला मान द्यायचा म्हणून गाव तातांग, म्हणजे बाबा, म्हणायचं, पण जिभेला हाड नावाची चीज नाही. तो एकदा ओरडला, "अगं देन्सिंग, नांगर धरायला नवऱ्याला पाठव की!"

"पाठवते," देन्सिंग तासातूनच म्हणाली, "आधी तुझी दाढी करून होऊ दे. तिथं नांगराचंच काम आहे, त्याचा हात बसेल."

त्या दिवसापासून बुर्सियो गुळगुळीत दाढी करूनच बांधावर यायला लागला.

आम्ब्रोसियो गेला तेव्हा मागे एक वस्तरा आणि एक आरसा ठेवून गेला. आरशात देन्सिंगने कधी फारसं पाहिलं नाही. तिचं सगळं पाहणं कापितानकडे. कापितान म्हणजे तिचा रेडा. रेडकू असल्यापासून तो गावाच्या प्रमुखासारखा, म्हणजे कापितानसारखा, पुढे पुढे चालायचा, दुसऱ्यांच्या शेताशी थांबून पीक कसं काय आहे ते बघायचा आणि फुरफुरून पुढे जायचा, म्हणून ते नाव पडलं. शिंगं अशी पसरलेली, की पायवाटेवर समोरून माणूस आला तर माणसानेच खाली उतरायचं. मारका नव्हता. पण कुणापुढे मान तुकवायची नाही हा त्याचा स्वभाव, आणि तो त्याने कुणाकडून उचलला हे सांगायला नको.

आता ज्या वादळात नवस बोलला गेला ते वादळ. भात ओंबीवर आलेला होता. दोन दिवस पाऊस थांबला नाही, तेव्हा ओढ्याकाठी बांधलेला कापितान आणायला देन्सिंग भर दुपारी निघाली. तिने त्याचा कासरा सोडला आणि तेवढ्यात वरचा बंधारा फुटला. पाणी असं आलं, की पाहता पाहता कमरेला, मग छातीला. देन्सिंगने शिंग धरलं आणि कशीबशी त्याच्या पाठीवर चढली. चहूकडे तांबडं पाणी, त्यात कोंबड्यांची खुराडी वाहताहेत, कुणाचं तरी न्हाणीघर वाहतंय, आणि मधे हा रेडा नाक तेवढं वर काढून पोहतोय.

देन्सिंग ओरडली, "सान इसिद्रो! तूही शेतकरी, मीही शेतकरी. आम्हा दोघांच्या पायांखाली जमीन येऊ दे. मी तुझ्या चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर..."

तिथे ती अडली. गुडघे? गुडघे तर केव्हाच कामातून गेले होते. खाली बसली तर उठवायला दोन माणसं लागायची. जीव पाण्यात चाललाय, तरी ही बाई संताशी खोटं बोलेना. म्हणाली, "माझे गुडघे गेलेत हे तुला दिसतंच आहे. पण हा माझ्या खालचा आहे ना, हा चांगला धडधाकट आहे. हा तुझ्या दारात गुडघे टेकेल. हा माझा शब्द."

आणि थोड्याच वेळात कापितानचे खूर हमरस्त्याला लागले.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. हिने सगळ्या गावाला सांगितलं. सुटका झाल्याचा आनंदच एवढा, की विहिरीवर, बाजारात, प्रार्थनेनंतर, भेटेल त्याला. अन् मग लोकांनी विचारायला सुरुवात केली, "कधी टेकणार?"

कधी टेकणार हे ठरलेलंच होतं. दर मे महिन्यात मोठ्या गावात सान इसिद्रोची जत्रा भरते. पंचक्रोशीतले रेडे आणि म्हशी अंगावरचे केस भादरून, खोबरेल चोपडून, शिंगांना कागदी फुलं बांधून येतात आणि चर्चच्या पायऱ्यांपुढे पुढचे गुडघे टेकतात. पण ती जनावरं लहानपणापासून शिकवलेली. कापितान प्रौढ, संसारी रेडा. त्याने वयाची बारा वर्षं ताठ काढली होती.

शिकवायचं काम बुर्सियोने स्वतःहून अंगावर घेतलं. त्याची म्हैस दरवर्षी टेकते, त्यामुळे या विषयात तो स्वतःला बिशपच समजायचा. पुढच्या पायाला दोरी बांधायची, दोरी ओढायची, त्याच वेळी बांबूच्या काठीने गुडघ्याच्या मागे हलकेच टोचायचं आणि तोंडापुढे जमिनीलगत गुळाचा खडा धरायचा. कापितानने दोरी बांधू दिली. काठी टोचू दिली. मान खाली घालून गूळ खाल्ला. पाय खांबासारखे उभेच. दुसरा खडा खाल्ला. तिसरा खाताना पुढे सरकला आणि बुर्सियोच्या पावलावर उभा राहिला.

"आई गं! देन्सिंग, अगं काढ त्याला! हा रेडा नाही, चर्चचा खांब आहे!"

"खांबाला गूळ खाताना पाहिलंयस कधी?" देन्सिंग म्हणाली. पण हसताना तिचा चेहरा जरासा उतरला होता.

याच सुमारास टिल्डा आली. उन्हाळी भाताची कापणी चालू होती. न्यूझीलंडहून पाठीवर गाठोडं टाकून देश बघत निघालेली ही मुलगी एका रात्रीपुरती देन्सिंगच्या माडीवर उतरली आणि राहिली ती राहिलीच. विळा धरायला शिकली, बोट कापून घेतलं, पुन्हा शिकली. सकाळी लसणीवर परतलेला भात आणि तळलेली सुकी मासळी हाताने खायला लागली. घरी दोनशे गाई आहेत म्हणाली, तेव्हा विहिरीतून वर येणारे पोहरे अर्ध्यावरच थांबले.

मग एकीने विचारलं, "दोनशे गाई, आणि नवरा एकही नाही?"

टिल्डा मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली, "गाय दूध देते. नवरा काय देते?"

त्यावर विहिरीवरच्या बायका इतक्या हसल्या, की तिची त्या गावात कायमची सोय झाली.

गुरांतली मुलगी, म्हणून नवसाचं कळल्यावर तिनेही एक युक्ती काढली. तिच्या घरी गाय आडवी पाडायची झाली तर अंगाभोवती दोराचे वेढे घालून मागून खेचतात. दोर आणला, वेढे घातले, पाच माणसं खेचायला लागली. कापितानने थोडा वेळ वाट पाहिली. मग आंब्याच्या सावलीत जायची त्याची वेळ झाली आणि तो गेला. दोराच्या टोकाला पाच माणसंही गेली, त्यातली दोन पोटावर.

मे उजाडला. ऊन असं, की कोंबड्या चोची उघड्या टाकून बसायच्या. गावात नवीन बोलणं रुजलं होतं. कुणी दुकानदाराला म्हणालं, "उद्या नक्की देतो," तर तो विचारायचा, "नक्की, की देन्सिंगसारखं नक्की?" हे तिच्या कानांवर आलं. सान इसिद्रो रागावेल याची तिला भीती नव्हती, संत समजूतदार असतो. तिला डाचत होतं ते वेगळं. भर पुरात ज्याने पाठ दिली त्याच्या नावाने तिने शब्द दिला होता. तो पोकळ ठरला तर लोक तिला हसतील, ते चालेल. पण कापितानला हसतील. तो रस्त्याने जाताना पोरं म्हणतील, हा बघा खोटा रेडा. ते तिला सोसणार नव्हतं.

दुपारी कामावरून सुटल्यावर कापितानचा एक ठरलेला रिवाज. ओढ्याकाठच्या डबक्यापाशी यायचं. देन्सिंगने त्याच्या वेसणीचा कासरा सोडून खांद्यावर टाकायचा. मग तो चिखल हुंगणार, एकदा फुरफुरणार आणि आत उतरून आधी पुढचे गुडघे, मग मागचं धूड असा ऐसपैस बसणार. त्या दिवशी टिल्डा तिथेच पाय चिखलात घालून बसली होती. तिने कापितानकडे पाहिलं आणि उडालीच.

"नानाय! गुडघे! तो टेकला!"

"तो रोजच टेकतो, पोरी. हे गुडघे टेकणं नव्हे, हे लोळणं."

"गुडघे जमिनीला लागलं. मग ते काय?"

देन्सिंग हसायला गेली आणि हसता हसता थांबली. आधी गुडघे. खरंच की, आधी गुडघेच.

त्याच पावली ती मोठ्या गावच्या चर्चमधल्या फादर उर्बानोंकडे गेली. म्हणाली, "फादर, जत्रेत मूर्ती आमच्या ओढ्यावर आणा. दर्शन तिथे होऊ दे."

फादर भला माणूस. त्यांनी तिला लिंबाचं सरबत दिलं आणि समजावलं, "नानाय, मूर्तीची वाट ठरलेली असते. आज तुमच्या ओढ्यावर आणली, तर उद्या दुसरा म्हणेल माझ्या गोठ्यात आणा. मूर्ती काही येणार नाही."

"मग ओढा आला तर?"

फादर खो खो हसले. "ओढा आला तर येऊ दे की! चर्चचं दार सगळ्यांना उघडं आहे."

देन्सिंगने सरबत संपवलं, त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि परत आली. तिला हवा होता तो शब्द मिळाला होता.

दायापचे लोक तिला हसत होते हे खरं. पण आपल्या माणसाला आपण हसायचं, दुसऱ्या गावाने नाही, हाही दायापचा कायदा. शेजारच्या गावचे लोक जत्रेत देन्सिंगची मजा बघायला जमणार आहेत ही बातमी आली आणि गावाचा रंगच पालटला. जत्रेच्या दिवशी पहाटे ओढ्यावर ही गर्दी. बादल्या, घमेली, डुकरांच्या खाण्याची डबडी. एका सुनेने तर लग्नात आलेला नवा कोरा भाताचा टोप आणला. सासूने त्याकडे पाहिलं, राग गिळला आणि म्हणाली, "भर. काठोकाठ भर."

चिखल कापितानच्या डबक्यातलाच हवा, यावर देन्सिंग अडून बसली. "दुसऱ्याच्या पलंगावर तुम्हाला झोप लागते का?" ती विचारायची. बुर्सियो लंगडत लंगडत सगळ्यांना हुकूम सोडत होता, जणू ही कल्पना त्याचीच. साइडकार लावलेल्या फटफट्यांवर चिखल लादला आणि वरात निघाली. टिल्डा सगळ्यात पुढच्या फटफटीवर, मांडीत बादली, कोपरापर्यंत काळी.

मोठ्या गावातल्या बायकांनी चर्चचा चौक आदल्या दिवशी घासूनपुसून आरशासारखा केला होता. त्या चौकात दायापने पहिलं घमेलं ओतलं तेव्हा जी किंकाळी उठली ती घंटेच्याही वर गेली. फादर धावत बाहेर आले.

"नानाय! हे काय चाललंय?"

"ओढा आलाय, फादर. तुम्हीच म्हणालात, येऊ दे."

"अहो, ते मी थट्टेने..."

"मी नव्हते थट्टा करत."

झाडू हातात घेतलेली एक बाई पुढे आली. "लाज नाही वाटत? संताच्या पायांशी घाण टाकता?"

देन्सिंगने मान आणखी ताठ केली. "घाण? हा शेतकरी संत ना? मग जिवंतपणी याच्या पायांना काय लागलेलं असायचं गं, अत्तर?"

चौकात जमलेल्या शेतकऱ्यांत एकदम खसखस पिकली, आणि मग कुणीतरी टाळी वाजवली. फादरनी चर्चच्या दारात ठेवलेल्या मूर्तीकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं आणि झाडूवाल्या बाईला म्हणाले, "राहू दे. संध्याकाळी मीही धुवायला येतो."

दुपारी मिरवणूक सुरू झाली. एकेक रेडा, एकेक म्हैस पायऱ्यांपुढे आली, दोरी ओढली गेली, काठी टोचली गेली आणि गुडघे टेकले. बुर्सियोच्या म्हशीने तर दोनदा टेकले. लोक वाहवा करत होते. मग गर्दीत कुजबुज झाली, कापितान आला.

आम्ब्रोसियोच्या वस्तऱ्याने देन्सिंगने स्वतः त्याला भादरलं होतं. तेलाने अंग असं चमकत होतं, की त्यात लोकांना आपली तोंडं दिसावीत. शिंगांवर एकही फूल नव्हतं. "त्याला आवडत नाही," एवढंच ती म्हणाली होती. ती कासरा धरून पुढे, तो मागे. दोघांची चाल एकच.

चिखलाशी आल्यावर कापितान थांबला. हुंगला. चिखल ओळखीचा होता. फुरफुरला. चारी पाय आत घातले. आणि उभा राहिला.

पायऱ्यांवर पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले महापौर, शेजारी फादर. कापितान ढिम्म. दुसऱ्या गावचा एक जण मोठ्याने म्हणाला, "बस झालं दर्शन, न्या आता!" हशा उठला. बुर्सियो दात-ओठ खात काठी घेऊन पुढे झाला, तशी देन्सिंगने हात आडवा केला.

"मागे हो."

"अगं, एकदा टोचू तरी दे!"

"मागे हो म्हणते ना."

ती कापितानच्या तोंडाकडे बघत होती. तो तिच्या हाताकडे. एवढ्या वर्षांत डबक्यात तो असा वाट बघत कधीच उभा राहिला नव्हता. कशाची वाट बघतोय हा? आणि तिच्या ध्यानात आलं. कासरा. कासरा लावलेला आहे तोवर तो कामावर आहे. मालकिणीने कासरा धरलाय आणि आपण बसायचं, असा कामचुकारपणा त्याच्या रक्तात नव्हता.

तिने वेसणीच्या गाठीला हात घातला.

"ए बाई!" बंदोबस्तावरचा पोलीस ओरडला. "सोडू नको! एवढी माणसं आहेत, बायापोरं आहेत!"

"माझ्याहून जास्त ओळखता का त्याला?"

"आणि उधळला तर?"

"उधळला तर पहिली मी आहे समोर."

गाठ सुटली. तिने कासरा खांद्यावर टाकला आणि एक पाऊल मागे सरकली. गर्दी तर पाच पावलं सरकली. कापितानने मोकळी मान हलवली. एकदा देन्सिंगकडे पाहिलं. मग सावकाश, एखादा पाटील घरच्या ओसरीवर बसावा तसा, आधी उजवा गुडघा, मग डावा. दोन्ही गुडघे चिखलात, दोन्ही शिंगं संताच्या दिशेने, मान खाली. न दोरी, न काठी, न गूळ.

आधी फादरनी टोपी काढली, मग सगळ्या चौकाने. आणि मग दायापच्या बाजूने जो आरडाओरडा उठला त्याने घंटाघरातली कबुतरं उडाली. बुर्सियो रडत होता आणि शेजारच्यांना सांगत होता, "आमचा! आमच्या गावचा आहे तो! माझ्या पायावर उभा राहिलाय तो!"

कापितानला एवढ्या गोंगाटाशी देणंघेणं नव्हतं. त्याने मागचं धूडही खाली सोडलं आणि कूस बदलून असा काही लोळला, की अर्धा चिखल पायऱ्यांवर गेला. महापौरांचा पांढरा सदरा छातीपासून खाली दायापच्या मातीचा झाला. टिल्डाने घाईघाईने आपल्या हातांनी तो पुसायला घेतला. तिचे हात पाहता तेही काही फार शहाणपणाचं झालं नाही.

मग पंचाईत अशी झाली, की कापितान उठेना. मागची जनावरं खोळंबली.

"नानाय, हा कधी उठणार?" फादरनी विचारलं.

"ऊन उतरलं की."

"आणि मिरवणूक?"

"बाजूने जाऊ द्या. जागा आहे की भरपूर."

आणि खरोखरच मिरवणूक बाजूने गेली. सान इसिद्रोची मूर्ती खांद्यांवरून निघाली, तेव्हा पालखीवाल्यांनी तिलाही वळसा घालून नेलं. देन्सिंग चर्चच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती. टिल्डा आणि बुर्सियोने तिला दोन्ही बाजूंनी धरून बसवलं होतं. उठवायलाही तीच दोघं लागणार होती, पण उठायची तिला घाई नव्हती. केळीच्या पानात उकडलेला गोड भात कुणीतरी हातात दिला होता, तो ती सावकाश खात होती. लांबलांबच्या गावचे लोक येऊन चिखलातल्या त्या तेलकट डोंगराभोवती उभे राहत आणि एकमेकांना विचारत, "कुणाचा हो हा?"

"माझा," देन्सिंग म्हणायची.

संध्याकाळपर्यंत तिने हे किती जणांना सांगितलं त्याचा हिशेब नाही. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, आणि जे न विचारताच पुढे चालले होते त्यांना हाक मारून थांबवून सांगितलं.